रंभाजीतात्यांच्या वाट्याचं मीठ

बसलात ना नीट? खांबामागच्या माउली, जरा पुढं या! काल्याचं कीर्तन आहे. मागं आमटीला फोडणी बसलीय, वास इथवर आलाय. तुमचं निम्मं लक्ष तिकडं आहे, ठाऊक आहे मला. माझंही आहे! पण पानं मांडायच्या आधी एवढं सांगा — माणूस म्हातारा होतो कधी?

काय म्हणालात? दात पडल्यावर? अहो, माझ्या चुलत्याचे दोन दात तिसाव्या वर्षी पडले, म्हशीनं लाथ घातली म्हणून! केस पिकल्यावर? मग या पहिल्या रांगेत एकही म्हातारा नाही. सगळ्यांनी परवाच मेंदी लावलीय! आता शेजाऱ्याच्या डोक्याकडं काय बघताय? इकडं बघा. चिंचवाडीच्या रंभाजीतात्यांची गोष्ट सांगतो.

रंभाजीतात्या म्हणजे सप्त्याच्या पंगतीतले आमटीवाले. एक-दोन नाही, चाळीस वर्षं! धोतराचा काचा मारलेला, एका हातात बादली, दुसऱ्या हातात वगराळं. आणि आवाज? "आमटी! आमटी! आमटी!" — जेवून घरी गेलेला माणूस परत यावा असा! तात्यांना मनातून वाटायचं, हा सप्ता चालतो तो आपल्या जिवावर. विठोबा आहे म्हणा, पण तो काय, कमरेवर हात ठेवून नुसता उभा!

सत्तरी उलटली, आणि एका वर्षी घात झाला. बादली निसटली! तीनशे माणूस पंगतीला बसलेलं, आणि आमटी सांडावी कुणाच्या मांडीवर? व्याह्याच्या! लेकीचा सख्खा सासरा! परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर, त्यावर कढत आमटी! व्याही उठून असे नाचले, असे नाचले — टाळकऱ्यांनी ठेका धरला! त्यांना वाटलं, भक्तीचा रंग चढला! भाजलं फारसं नाही, पण व्याही न जेवता गेले आणि अबोला धरला.

मग सप्त्याचा कारभारी मच्छिंद्र आला. पोरगा गुणाचा. हात जोडून म्हणाला, "तात्या, लई केलं गावासाठी. आता तुम्ही बसा."

मानानं म्हणाला हो! पण तात्यांना ऐकू काय आलं? "तात्या, तुम्ही संपलात!"

आणि तात्या बसले. असे बसले की उठेचनात! ओट्यावर बसले, बाजेवर बसले, टीव्हीपुढं बसले. काही करायला गेले की सून म्हणायची, "मामा, बसा, मी करते." लेक म्हणायचा, "बाबा, बसा की निवांत!" सगळे प्रेमाचे! आणि त्या प्रेमानं वर्षभरात गुडघे धरले, पोट सुटलं, झोप उडाली. कुणी चुकून विचारलं, "तात्या, बरंय का?" — की त्याचा दिवस गेला! सकाळचं पोट, दुपारचं डोकं, संध्याकाळची छाती, सगळं सविस्तर! लोक लांबून वाट बदलायला लागले.

शेवटी बायकोनं, गयाबाईनं, तालुक्याला डॉक्टरकडं नेलं.

"काय होतंय तात्या?"

"कसंतरी होतंय."

"कुठं?"

"सगळीकडं."

"कधीपासून?"

"सप्त्यापासून!"

डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. म्हणाला, "बीपीची एक गोळी रोज घ्या, बाकी रिपोर्ट छान आहेत." आता आनंद व्हायचा की नाही? तात्यांना राग आला! एसटीत बसल्या बसल्या सुरू झाले, "डॉक्टर बिनकामाचा हाय! एवढाले आजार, आन् त्याला एक सापडंना!"

गयाबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आजार न्हाई तुमाला. तुमाला बादली पायजे."

"मग सांग त्या मच्छिंद्रला!"

"काय सांगू? बादली आता तुमच्यानं न्हाई उचलायची. मलाबी कळतंय, तुमालाबी."

तात्या घरी आले, उपरण्यात तोंड घालून रडले, माउली. मरणाचं भय नव्हतं त्यांना. आपण नसलो तरी पंगत झोकात उठते, हे डोळ्यांनी बघायचं भय होतं!

सप्ता आला. तात्या म्हणाले, "मी येत न्हाई!" गयाबाई म्हणाली, "नका येऊ," आणि पायात चप्पल घालून निघाली. थोड्या वेळानं तात्या निघाले. रुसलेला माणूस जेवायला जातो ना, तसे — दहा पावलं मागं, तोंड दुसरीकडं!

मच्छिंद्रनं पहिल्या पानावर बसवलं. तात्या बसल्या जागेवरून खोडी काढतायत, "वगराळं धरायची ही रीत झाली?" आणि पहिला घास घेतला, तर आमटी अळणी! आचारी मीठ घालायचं विसरला! मांडवभर ओरडा — "मीठ! मीठ आणा!"

मीठ कोण आणणार? बुंदी वाढायला दहा जण भांडतात. आमटीला मान आहे. मिठाला काय आहे? प्रत्येक पानापुढं वाका, चिमूट टाका, पुढं चला. कुणी "वा!" म्हणत नाही. मिठाचं भांडं खांबाशी तसंच पडलेलं!

सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? तात्यांचा! "अरं, मीठ वाढायला माणूस न्हाई? आमच्या वेळंला—"

बायकांच्या रांगेतून गयाबाई उभी राहिली. भर मांडवात! "आवाज तर शाबूत हाय! मग उठा, आन् तुमीच वाढा!"

सगळा मांडव तात्यांकडं वळला. तात्यांचं तोंड लालबुंद. मीठ? मी? चाळीस वर्षं आमटी वाढली, आणि आता चिमूटभर मीठ? माउली, त्या घटकेला तात्या बसून राहिले असते ना, तर जन्माचे बसले असते! पण समोर तीनशे पानं थांबलेली. आणि पानापुढं माणूस उपाशी थांबलेला तात्यांना कधी बघवला नाही. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकला. एकदा उठायला गेले, खाली बसले. दुसऱ्यांदा उठले!

पहिल्या पानापुढं वाकले, कंबर बोंबलली. दुसऱ्या पानापुढं पुन्हा. दहाव्या पानाला तात्यांच्या ध्यानात आलं — अरे, आमटीवाला पळतो! त्याला पानं दिसतात, माणसं दिसत नाहीत. मीठवाल्याला वाकावं लागतं, त्याला तोंडं दिसतात! "अरं धोंडिबा, डोळ्याचं ऑपरेशन झालं व्हय?" "सीताबाई, नात कितवीला गेली?" वर्षभर स्वतःची छाती आणि पोट सांगणारा माणूस दुसऱ्याचं विचारायला लागला!

आणि पुढच्या पानावर कोण? व्याही! लेकीनं समजूत घालून आणलेले. तात्यांना बघताच व्याह्यांनी दोन्ही हातांनी मांडी झाकली!

"काय आहे भांड्यात?"

"मीठ."

"गार आहे ना?"

मांडव खदाखदा हसला! तात्याही हसले, डोळे मात्र भरले. म्हणाले, "व्याही, चुकलं माझं." व्याही म्हणाले, "धोतर धुतलं कधीच. वाढा आता, भूक लागलीय!"

त्या दिवशी तात्या शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर जेवले. गयाबाईनं विचारलं, "गुडघा?"

"दुखतोय की!"

"मग?"

"दुखू दे. उद्याच्या पंगतीला कितीला जायचंय?"

आता चिंचवाडीत लग्न असो, बारसं असो, मीठ तात्यांचं. गोळी? चालू आहे! गोळी सोडू नका हो, नाहीतर डॉक्टर माझ्या नावानं खडे फोडतील! पण ते "कसंतरी" मात्र गेलं.

तर माणूस म्हातारा होतो कधी? मोठं काम झेपेना, आणि लहान काम करायला लाज वाटते, तेव्हा! तरण्या पोरांनो, तुम्हालाही सांगतो. बापाच्या हातातली बादली जरूर काढून घ्या. पण काढून घ्यायच्या आधी त्या हातात दुसरं काय देणार, ते ठरवा. रिकामा हात लवकर थरथरतो, बाळांनो.

आता पंगत बसेल. बोला, साठीच्या पुढचं कोण वाढायला उठतंय? हात वर करा! एक... चार... अहो आजी, दोन्ही हात कशाला? बरं, तुम्हाला दोन रांगा! आणि तुम्ही, आजोबा? मान खाली का? उठताना गुडघा वाजेल, चारचौघांत लाज वाटेल, म्हणून?

टाळकरी, धरा टाळ! मृदंगवाले, घ्या जोरात! गजर करा विठ्ठलाचा — हं, उठा आजोबा! या गजरात कुणाचा गुडघा वाजला, ते विठोबाला सुद्धा कळायचं नाही!