दुर्बीण वाकडीच बसवायची असते!

नाही, मला एक सांगा, हे 'झेपणार नाही' वाक्य माणसं शिकून कुठून येतात हो? कारण मी दुर्बीण घेणार म्हटल्याबरोबर जो तो मला तेच ऐकवायला लागला! मुलगा म्हणाला झेपणार नाही, नणंद म्हणाली झेपणार नाही, खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला, ज्याचा ह्या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, तोसुद्धा म्हणाला, "काकू, अवघड असतं म्हणे!" अरे, तुला कोण म्हणे? तीस वर्षं मी शिलाई मशीन चालवलं. एका शाळेचे सहाशे गणवेश पंधरा दिवसांत शिवून दिले, काज-बटणांसकट! तेव्हा नाही कुणी म्हणालं झेपणार नाही म्हणून. तेव्हा सगळे काय विचारत होते? "शनिवारपर्यंत होतील ना?"

तर तुम्हाला सांगते, मला शनी बघायचा होता. बास. दागिना नको, सहल नको. चौथीत असताना पुस्तकात चित्र होतं, गोळा आणि त्याच्याभोवती कडं. बाई म्हणाल्या, छोट्या दुर्बिणीतूनसुद्धा दिसतं. मी हात वर केला, "बाई, मला दिसेल?" बाई म्हणाल्या, "तू आधी पाढे पाठ कर." केले! तिसापर्यंत केले! पण नंतर संसार, मशीन, मुलाचं शिक्षण... आणि आता बासष्टावं लागलं. आता नाही बघायचा तर कधी? पण नणंदेचं ऐका, "अहो वहिनी, शनी मागे लागू नये म्हणून लोक जिवाचा आटापिटा करतात, आणि तुम्ही स्वतःहून शनीच्या मागे?" म्हटलं, वन्सं, तो माझ्या वाटेला गेला नाही, म्हणून मीच त्याच्या वाटेला जाते!

दुर्बीण मागवली मुलाने, परगावी असतो तो, त्याच्या फोनवरून, कारण ती ऑर्डर-बिर्डर मला जमत नाही, ते खरं नाही झेपत, कबूल! पण त्याने काय केलं माहितीये? मागवतानाच परत न्यायचंही नोंदवून ठेवलं! "आई, दहा दिवसांत परत करता येते. दहाव्या दिवशी संध्याकाळी माणूस येईल. तोपर्यंत तुला शनी दिसला तर ठेव, नाही तर देऊन टाक, उगाच गच्चीचे जिने चढून गुडघे नको दुखवूस." म्हणजे बघा हां, अजून पार्सल निघालंही नाही आणि ह्याने माझा निकाल लावला! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली... म्हटलं, लिहून ठेव, दुर्बीण परत जाणार नाही!

आली. उघडली. आतून काय निघालं असेल? नळी एक. बरं. बाकी सगळे दांडे, चाकं, स्क्रू, आणि एक लोखंडी वजन! नणंद म्हणाली, "हे काय, व्यायामाला?" सोबत पुस्तिका. अकरा भाषांत! अकरांपैकी एकही माझी नाही! नुसती चित्रं आणि बाण. एक बाण तर सरळ कागदाच्या बाहेर जात होता, तो कुठे गेला कुणास ठाऊक. पण मी मासिकातले कापड बेतायचे नकाशे वाचून कोट शिवलेली बाई आहे, मी बाणांना घाबरते होय? तिपाई उभी केली, त्यावर ते डोकं बसवलं, त्याला दांडा, दांड्यावर वजन, दुसऱ्या बाजूला नळी. कारण नळी एकीकडे आणि वजन दुसरीकडे तोललं गेलं पाहिजे, म्हणजे बोटाने ढकललं तरी फिरते आणि सोडलं की तिथेच थांबते. कात्री बोटावर तोलावी तशी मी तोलली! इतकी छान तोलली! फक्त दांड्याच्या टोकाला एक छोटा स्क्रू लावायचा असतो, वजन निसटू नये म्हणून, तो तेवढा राहिला... वजन आलं ते थेट नणंदेच्या पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर! फरशीचा टवका उडाला. वन्सं तेव्हापासून दुर्बिणीच्या खोलीत चपला घालून येतात.

मुलाला कळलं. कळणारच, वन्सं आहेत ना! फोन आला, "आई, परत करून टाक." म्हटलं, फरशी माझी, अंगठा वन्संचा, तुझं काय गेलं? परत जाणार नाही!

मग गच्चीवर नेली. दिवसा लांबच्या पाण्याच्या टाकीवर लावून बघितली. वर एक छोटी शोधायची दुर्बीण असते, तिच्यात टाकी उलटी! मोठीत सुलटी, पण डावीकडचं उजवीकडे! तिसरी दुर्बीण असती तर टाकीच दिसली नसती बहुतेक. पण जमलं. संध्याकाळी आकाशाकडे लावली आणि... अंधार. म्हटलं ढग असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार, मधेच एखादा मरतुकडा ठिपका. दोन संध्याकाळी, तुम्हाला सांगते, मी डोळा चिकटवून बसले! तिसऱ्या दिवशी कळलं की पुढच्या टोपणाला आणखी एक छोटं टोपण असतं, आणि मी दिवसा टाकी बघून झाल्यावर मोठं टोपण लावलं होतं आणि संध्याकाळी फक्त छोटंच काढत होते. म्हणजे दोन दिवस मी एवढ्याशा भोकातून विश्व बघत होते! हे मी मुलाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता खरी गंमत. ह्या दुर्बिणीचं जे डोकं असतं ना, ते सरळ बसवायचंच नसतं! इक्वेटोरियल माउंट म्हणतात त्याला. त्याचा मुख्य दांडा तिरका करायचा आणि ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. का? कारण पृथ्वी फिरते, तारे सरकतात, दुर्बिणीत धरलेला तारा बघता बघता निसटतो. दांडा ध्रुवाकडे असला की एकच चाक हळूहळू फिरवायचं, तारा जागचा हलत नाही. मी पाचव्या दिवशी ते सगळं जमवलं. आपल्या गावाचा अक्षांश बघून दांडा तिरका केला, ध्रुवतारा शोधला, दोन्ही स्क्रू आवळले, रेनकोटच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली होती ती घातली आणि खाली येऊन निवांत झोपले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी खोळ काढते, तर दांडा सरळ! खांबासारखा उभा! म्हटलं, स्क्रू घसरला असेल. पुन्हा तिरका केला, पण तोवर ढग आले. सातव्या दिवशी... पुन्हा सरळ! आता मला सांगा, वजनाने वस्तू खाली घसरेल की वर उठेल? माझं डोकं चालेना. मुलाला फोन केला, चूक झाली, करायला नको होता. "आई, तो पीसच खराब आहे. उगाच डोकेफोड करू नकोस. आणि तसंही तुला ते..." मी म्हटलं, तो शब्द तोंडातून काढलास तर याद राख! आमचे हे बाजूला पेपर वाचत बसलेले. पेपर खाली करून म्हणाले, "अगं, ते..." म्हटलं, तुम्ही मध्ये बोलू नका, माझं आणि त्याचं चाललंय! खराब असली तर मी दुरुस्त करीन, पण परत जाणार नाही!

फोन आपटला खरा, पण खरं सांगू? त्या रात्री मला रडू आलं. वाटलं, असेल बाई, नसेल झेपत. सगळेच्या सगळे कसे चुकतील?

आठव्या दिवशी मी दुपारीच गच्चीवर गेले आणि वाळत घातलेल्या चादरींमागे दबा धरून बसले. म्हटलं, बघतेच ही आपोआप कशी उठते ती. साडेतीन वाजले. जिन्यात पावलं वाजली. आणि कोण आलं असेल? आमचे हे! हातात पाना, खिशात पाणसळ! ती नाही का, भिंत सरळ आहे की नाही बघायची, आत पाण्याचा बुडबुडा असतो ती! खोळ काढली, घडी घालून ठेवली, स्क्रू सैल केला, दांडा उभा केला, पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध आणला, मान डोलावली, स्क्रू पिळला... काय पिळला! वर हात झटकले!

आता ह्यांचं सांगायचं तर छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर. यंत्रं जमिनीत बसवायची, पाणसळीत, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. ह्या माणसाला वाकडी वस्तू बघवत नाही हो! लोकांच्या घरी गेलो तर ह्यांचा हात भिंतीवरच्या फोटोंकडे जातो. दवाखान्यात डॉक्टर तपासत असताना ह्यांनी त्यांच्या टेबलाखाली कागदाची घडी सारली होती!

मी चादर बाजूला करून उभी राहिले. "अहो!!"

तर हे शांतपणे, "वाकडं बसलं होतं. सरळ केलं."

"वाकडंच असतं ते!"

"वाकडं असून कसं चालेल? थरथरेल."

"अहो, पृथ्वीचा आसच तिरका आहे आपल्या गच्चीवरून! त्याला मी काय करू?"

ह्यांनी पाणसळ खिशात ठेवली. विचार केला. आणि अगदी मनापासून विचारलं, "असा कुणी बसवला?"

आता त्या फिटरला मी कुठे शोधायला जाऊ? हसावं की रडावं कळेना. मग मी रीळ आणलं, सुई आणली, दोरा आणला, गच्चीच्या फरशीवर बसून ह्यांना दाखवलं की ही पृथ्वी, हा तिचा आस, आणि आपला दांडा त्या आसाला समांतर पाहिजे. तर म्हणाले, "समांतर? मग समांतर म्हणायचं ना आधी! तू तिरका-तिरका म्हणत होतीस!" आणि घरात जाऊन कोनमापक घेऊन आले. त्या माणसाने तो दांडा असा बसवला, असा बसवला की काय सांगू... मला ज्याला पाच दिवस लागले ते ह्यांनी वीस मिनिटांत केलं. मला राग आला, पण कौतुकही वाटलं, दोन्ही एकदमच.

नववा दिवस. ढग. दिवसभर ढग, संध्याकाळी ढग. मी त्या ढगांना जे बोलले ते इथे नको.

दहावा दिवस. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आणि सात वाजता दारात माणूस! पन्नाशीचा, धापा टाकत, हातात यादी. "पार्सल परत घ्यायचंय." म्हटलं, दुर्बीण गच्चीवर आहे, हवी तर या वर. "आणखी जिने?" म्हणाला बिचारा. म्हटलं, माझे गुडघे बासष्ट वर्षांचे आहेत, मी रोज चढते, चला! मागे हे, त्यांच्यामागे चपला घातलेल्या वन्सं, अशी वरात वर गेली. मी त्या माणसाला म्हटलं, फक्त दहा मिनिटं द्या. तो घड्याळाकडे बघायला लागला, मी दुर्बिणीकडे. छोट्या दुर्बिणीत पिवळा ठिपका मधोमध आणला. मोठीत डोळा लावला. धूसर पुंजका. चाक फिरवलं... पुंजका लहान झाला... आणखी फिरवलं... आणि...

होतं हो! कडं होतं! इवलंसं, तांदळाएवढं, पण गोळा वेगळा आणि कडं वेगळं, मध्ये काळी फट! खोटं वाटावं असं, कुणीतरी समोर चित्र चिकटवल्यासारखं. दांडा वाकडा, पण शनी नाही थरथरला, चाक फिरवत राहिले तसा जागच्या जागी थांबला. बावन्न वर्षं! बाई, पाढे पाठ आहेत माझे, बघा! मी मोठ्यांदा रडले, मला कुणाचीही लाज वाटली नाही.

मग त्या माणसाला म्हटलं, या, बघा आणि मग सांगा काय न्यायचंय ते. त्याने वाकून बघितलं. किती वेळ उठेचना! "खरंच आहे की हो!" म्हणाला. वन्संनी बघितलं आणि चपला काढून हातच जोडले. मी तिथेच गच्चीवरून मुलाला फोन लावला, त्याने उचलल्याबरोबर सुरू झाले, दिसला, कडं दिसलं, फट दिसली, परत जाणार नाही, कुणी न्यायला आलं तर त्याला जिन्यावरून...

तर तो माणूस खाकरला. म्हणाला, "काकू, ओरडू नका. मूळ खोकं नसेल तर आम्हाला नेताच येत नाही. खोकं कुठाय?"

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "खोकं? ते तर मी दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याला दिलं."

दुसऱ्या दिवशी! म्हणजे दहा दिवस मी मुलाशी भांडले, वन्संशी भांडले, ढगांशी भांडले, रात्री उशीत तोंड खुपसून रडले... आणि ती परत जाऊच शकत नव्हती! मी म्हटलं, अहो, मग दहा दिवसांत एकदा तरी बोलायचंत की!

तर हे म्हणतात, "तू बोलू कुठे दिलंस?"