अमावास्येची चिठ्ठी

आमी मूळचे पलूसकडचे. वडील मिलिटरीत, आई लवकर गेली, त्यामुळं मला चुलत्यानं वाढवलं, आन बारावी झाल्यावर काकांनीच सांगलीला कम्प्युटरच्या क्लासला घातलं. काकी म्हनायची पोरीच्या जातीला हे कशाला, तर काका म्हनले शिकू दे गं, कुठं अडतंय. फुडं साखर कारखान्यात कम्प्युटर आला तवा मी तिथं लागले. काय सांगू तुमाला, काळा पडदा, त्येच्यावर हिरवी अक्षरं, आन खोलीत शिरायचं तर आदी चपला भाईर काढायच्या, देवघरागत. आता पोरासोरांच्या हातातला फोन लय हुशार हाय, पर माजा जीव अजून त्या हिरव्या अक्षरांतच.

त्या कम्प्युटरवर ऊसतोडीचा नंबर निगायचा. ज्याचा नंबर त्येला चिठ्ठी, त्या दिवशी तोडकऱ्यांची टोळी बैलगाड्या घिऊन फडात जानार. प्रोग्राम पुण्याच्या साहेबांनी लिवलेला, चिठ्ठीच्या दिवशी तोड झाली न्हाई तर नाव आपोआप तळाला. पर अमावास्येला आमच्याकडं बैल जुपत न्हाईत, टोळी जानार कशी? हे साहेबांना कुनी सांगितलंच न्हाई. आमाला वाटलं ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय, आन त्यांना वाटलं सगळं इचारून झालं.

मग एका सकाळी मानसं खोलीवर चालून आली. लय मानसं. आमची नावं तळाला गेली, ऊस वाळाय लागला, ह्या पोरीनंच खालीवर केली, फोडा ते मशीन. एकाच्या हातात कोयता. कारखान्याचे शेतकी साहेब माज्यासंगं आत कडी लावून बसले, मला म्हनले भाईर जाऊ नको. आन फटीतनं बगते तर दारात कोन उभं, काका! त्यांची चिठ्ठी लागोपाठ दोन अमावास्यांना निगालेली, फडाला तुरा आलेला, म्हंजे तोडायची येळ टळत चाललेली. काका म्हनले, आरं माजाबी ऊस वाळतोय, काय झालं ते हिला तर सांगू द्या.

मी कडी काढली. भिंतीवरचं पंचांग काढून दावलं, बगा, तळाला गेलेली समदी नावं अमावास्येची हायती, मशीनला अमावास्या ठावं न्हाई, मी आत्ता प्रोग्राम बदलते, ही नावं परत वर घेते. म्होरची मानसं पंचांगावर वाकली. मग मागनं एकजन म्हनला, व्हय, आन आता पयलं नाव कुनाचं, चुलत्याचंच न्हवं?

मी काय बी बोलले असते तरी खोटंच वाटलं असतं.

काका म्हनले, पोरी, माजं नाव शेवटी घाल.

आवं काका, तुमचा ऊस ऱ्हायल का तवर?

घाल म्हनतोय न्हवं.

समद्यांच्या म्होरं मी ते नाव शेवटी टाईप केलं. त्या दिवसापासनं माज्या यादीवर कुनी शंका घेतली न्हाई. पर काकांचा ऊस कारखान्याला गेला तवा कांडी आतनं पोकळ, निम्मं वजन. काका एका शब्दानं बोलले न्हाईत. काकी बोलली, लय बोलली.

काका गेले. काकी आता माज्याकडंच असती, मलकापूरला. मी ताट वाढते, आन कवातरी ती माज्याकडं बगून म्हनती, तूच घातलंस की गं त्येंचं नाव तळाला. व्हय काकी, म्हनते, मीच. मग ती जेवती. जेवू दे बापडीला, देव तिला बरं ठिवू दे, आमा दोगींना आता दुसरं हाय तरी कोन.