घोड्याच्या गळ्यातलं कडं

“गुडघे दुखले माझे, झेनेक. हे ओझं तुझ्याकडे सरकव.”

घोड्यांच्या बाजारातून परतणाऱ्या बसमध्ये, विणत बसलेल्या हालिनाच्या पुढच्या बाकावर, एक म्हातारं जोडपं बसलं होतं. घोडा विकला होता. गाडीला जुंपताना त्याच्या गळ्यात घालायचं कातडी कडं दोघांच्या मांडीवर होतं.

“ओझं काय म्हणतेस, होमोंतो म्हण. तातारांचा शब्द आहे. घोड्यांवरून आले आणि इथे टाकून गेले.”

“तातार घोड्यावर बसायचे, त्याला जुंपायचे कुठे? पाद्रीबाबा म्हणतात, जर्मनांचा आहे.”

“पाद्रीबाबांनी कधी घोडा जुंपलाय?”

“तू कधी तातार पाहिलास?”

हालिनाच्या विणकामाच्या सुया थांबल्या.

“रशियनही जवळपास हाच शब्द वापरतात, चेकही. आपल्या सगळ्यांचाच असेल, ल्यूत्सिना.”

“असेल. मग घोडा घेतला त्या माणसाला हे का नाही दिलंस?”

“घोड्याचा दोर दिला ना. रीतीप्रमाणे कोटाच्या टोकात धरून दिला, घरची बरकत घरात राहावी म्हणून.”

“त्याने उघड्या हाताने घेतला.”

“शहरातला असेल. पण उद्या आपला घोडा, बुवान, त्याच्या शेतात नांगर ओढेल बघ.”

“हे त्याने मागितलंच नाही.”

“विसरला असेल.”

“ज्याला घोडा जुंपायचा असतो, तो हे विसरत नाही, झेनेक. तो कसाई होता.”