मुलगा सांभाळत नाही

प्रणय : पुन्हा बोल. आणि हसू नकोस, आई. तहसीलच्या मॅडमसमोर हसलीस तर पगार गेलाच म्हणून समज.

पारूबाई : हसू यील नाय तर काय? चुगली तुझी, अन् पढवतोस बी तूच.

प्रणय : नियमच तसा काढलाय. आधी विधवा म्हणून मिळायचा ना निराधारचा पगार? आता पोरगा कमावता असला की बंद. पोरगा मला सांभाळत नाही, असं तू स्वतःच्या तोंडानं दोन पंचांसमोर सांगितलंस, तरच चालू राहणार.

पारूबाई : अन् तुझ्या त्या कंपनीच्या पैशाला कमाई म्हणत्यात व्हय?

प्रणय : शेंद्रा एमआयडीसीतली कंपनी म्हटलं की साहेब लोकांना सगळेच पर्मनंट वाटतात. मी ठेकेदाराचा माणूस. उद्या गेटवरूनच परत लावला तर विचारायचं कुणाला? चल, बोल. मॅडम पलीकडच्या गल्लीत आल्यात.

पारूबाई : मी पारूबाई. मालक वारला माझा. मला एक मुलगा हाय, प्रणय. तो मला सांभाळीत नाय.

प्रणय : असं पाठ केल्यासारखं नको गं. त्या विचारतील, सांभाळत नाही म्हणजे काय करतो? मग काहीतरी सांगावं लागेल.

पारूबाई : काय सांगू?

प्रणय : सांग काहीपण. जेवायला देत नाही म्हण.

पारूबाई : जेवायला तर मिळतं बाबा. करुणा ताट आणून ठेवती. सून वाईट नाय माझी. दारातच ठेवती, पण ऊन ऊन असतं.

प्रणय : तेवढं ऊन ऊन नको सांगू.

पारूबाई : मग ह्या खोलीचं सांगू?

प्रणय : हां. मागच्या खोलीत टाकलंय म्हण.

पारूबाई : मागच्या खोलीत टाकलंय मला. वर नुसते पत्रे. उन्हाळ्यात जीव नको नको व्हतो. पोरगा हिकडं फिरकत नाय. गाडीचा आवाज आला की समजतं, आला. मग टीव्ही लागती. मग टीव्ही बी बंद व्हती.

प्रणय : हे बरोबर. असंच बोलायचं. अजून?

पारूबाई : डोळ्याचं आपरेशन झालं घाटीच्या दवाखान्यात. पोरगा आला नाय.

प्रणय : अगं, तेव्हा ओव्हरटाइम होता. करुणा होती ना तुझ्यासोबत.

पारूबाई : करुणा गंगापूरला गेलती, माहेरी. शेजारची सारजा होती.

प्रणय : मला वाटलं करुणाच…

पारूबाई : डोळ्याला पट्टी. रिक्षावाला विचारत व्हता, मावशी, घरी कोण हाय? म्या म्हणलं, पोरगा हाय की.

प्रणय : बास. एवढं नको सांगू.

पारूबाई : तूच म्हणलास, अजून.

प्रणय : खोटं सांगायचं ठरलं होतं आपलं. तू तर…

पारूबाई : आधीचं तू शिकवलेलं व्हतं. हे मला येतच व्हतं.

प्रणय : मग कधी बोलली का नाहीस?

पारूबाई : कवा बोलू? चौदा एप्रिलला जयंतीचं लुगडं घेऊन आलतास, तवा ह्या खाटंवर टेकलास. त्याच्यानंतर आज बसलायस.

प्रणय : माझी काय हालत होते ते तुला काय माहीत! घरी आलो की उभ्या उभ्या डोळे मिटतात.

पारूबाई : ठाव हाय मला. म्हणूनच बोलले नाय.

प्रणय : हे बघ, पगार बंद झाला तर तुझ्या बीपीच्या गोळ्या माझ्याच्यानं होणार नाहीत. खरं सांगतो.

पारूबाई : गोळ्यांचं जाऊ दे. तो पगार हातात पडतो म्हणून मी कुणापुढं हात पसरत नाय. तुझ्यापुढं नाय, करुणापुढं नाय. तेवढंच हाय माझं म्हणावं असं. तू घाबरू नको. नीट बोलते मी.

(दारावर थाप. तहसीलच्या मॅडम आत येतात. मागे पंच म्हणून शेजारचे शफीकभाई आणि सारजाबाई.)

मॅडम : पारूबाई तुम्हीच ना? बसा, बसा, उठू नका. हे दोघे पंच. ओळखीचे आहेत ना?

पारूबाई : एका नळावर भांडून म्हातारे झालो मॅडम.

मॅडम : बरं. आणि हा मुलगा? कमावतो?

पारूबाई : व्हय. प्रणय. कंपनीत जातो.

मॅडम : मग मला एवढंच विचारायचंय. हा तुमचा सांभाळ करतो का? सावकाश सांगा. तुम्ही सांगाल ते मी तसंच लिहीन आणि पंचांसमोर वाचून दाखवीन.

प्रणय : आई, बोल ना.

मॅडम : तुम्ही मध्ये बोलू नका.

पारूबाई : वाचून दाखवणार म्हंजी मोठ्यानं?

मॅडम : हो. वाचावंच लागतं.

पारूबाई : ह्याच्यासमोर?

मॅडम : सगळ्यांसमोर.

पारूबाई : करतो.

मॅडम : काय म्हणालात?

पारूबाई : सांभाळतो. लई सांभाळतो मॅडम. कामावरून आला की आधी माझ्यापाशी यून बसतो. डोळ्याचं आपरेशन झालं तर सुट्टी टाकून घाटीत बसला व्हता. सारजाला विचारा. विचारा की.

मॅडम : सारजाबाई? अहो, खाली काय बघताय? पारूबाई, असं लिहिलं तर पगार बंद होईल तुमचा. नंतर माझ्या हातात काही राहणार नाही. कळतंय ना? अजून लिहिलेलं नाहीये मी.

पारूबाई : कळतंय. लिवा.

मॅडम : (लिहून, मोठ्यानं वाचून दाखवून) मग इथं सही करा. शफीकभाई, तुम्ही इथं. सारजाबाई, तुमचा अंगठा. येते मी.

प्रणय : गेल्या. आई, काय करून बसलीस हे? सगळं पाठ झालं होतं की तुझं.

पारूबाई : झालं व्हतं.

प्रणय : मग? आणि खोटंही नव्हतं त्यात काही. तुलाही माहीत, मलाही.

पारूबाई : खोटं असतं तर बोलले असते रे.