माळवदाखाली

चतुराबाई : न्हाई म्हन, पर आदी ह्या भिंतीला हात लावून बघ, कस्तुरा. भिंत हाय का तवा?

कस्तुराबाई : माझ्याच घरची भिंत हाय, अक्का. मला ठावं हाय.

चतुराबाई : मग ह्या तव्यावर लेकीला कामून निजवून ठिवलीस? ओली बाळंतीण ती. दारात जीप उभी हाय. चल दोघींना घेऊन माझ्या वाडीला. असं किती लांब हाय?

कस्तुराबाई : ह्यांचा फोन आलता. गावाची डीपी जळालीय, नवी घेऊन निघालेत निलंग्याहून. आता बसवतीलच. लाईट आली की कूलर सुरू.

चतुराबाई : माझा भाऊ परवापासून डीपीच आणायलाय. डीपी हाय का नवरी?

आरती : आई, हिनं परत तोंड फिरवलं. छातीशी धरते, दोन घोट घेते आणि तशीच झोपून जाते.

कस्तुराबाई : फडकं ओलं करून पांघर तिला.

आरती : आत्ताच केलं होतं. हे बघ, वाळलंसुद्धा.

चतुराबाई : सकाळी नर्सबाई काय बोलली गं, आरती?

आरती : म्हणाली, आजार काही नाही आत्या, उन्हानं सुकत चाललीय. जागा तेवढी गार हवी, मग आपोआप प्यायला लागेल. संध्याकाळपर्यंत प्यायली नाही, तर लातूरला न्या म्हणाली. पण भर दुपारी एवढ्या लांब जीपमधून नेणं म्हणजे...

चतुराबाई : ऐकलंस, कस्तुरा? गार जागा. माझ्या माळवदाखाली माठावानी गारवा हाय. दगडाच्या रुंद भिंती, वर हातभर माती. लाईटीचं तोंड बघावं लागत न्हाई.

कस्तुराबाई : वर माती हाय, म्हनूनच नगं.

चतुराबाई : तीस वर्सं झाली बाई. तीस वर्सं माझ्या घरचा चहा तू अंगणात उभ्यानं पितीस. पाऊस असला तरी भिजत पितीस. गाव म्हनतंय, चतुराची भावजय लई सोवळ्याची हाय.

कस्तुराबाई : म्हनू द्या.

चतुराबाई : भूकंपात माझं घर पडलं न्हाई, ह्यो माझा गुन्हा का?

कस्तुराबाई : गुन्हा न्हाई, अक्का. माझं घर बी चांगलंच होतं, तुमच्याच वडलांनी बांधलेलं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया दुपारच्याला आडव्या व्हायला आमच्याकडं यायच्या, इतकं गार. माझ्या बालाजीला मी त्याच गारव्यात निजवलं होतं. वर्साचं बी नव्हतं लेकरू. जनावरं दावी तोडायलीत म्हनून मी दारात आले, आन् माघारी वळले तर घर न्हाई, नुसती माती. हातानं उकरली मी. आतून ती माती बी गारच होती.

आरती : आई...

कस्तुराबाई : तू झालीस ती पत्र्याच्या शेडात. तिथंच वाढवलं तुला. ह्या स्लॅबखाली आले तवा कुठं माझा डोळा लागला. तापतंय, न्हाई म्हनत न्हाई. पर धरून ठिवतंय.

आरती : मला तू आत्याच्या घरात कधी पाऊल टाकू दिलं नाहीस. लहानपणी वाटायचं, त्या दाराआड कुणीतरी राहतं, ज्याचं नाव घ्यायचं नसतं. मी कधी विचारलं नाही. पण आज माझ्या कुशीत एकच जागा आहे, आई. तिथं तुझी भीती घेऊ, की हिला घेऊ?

कस्तुराबाई : थांब! पंखा... पंखा हालला! आली! लाईट आली!

आरती : बाबांनी आणली!

कस्तुराबाई : कूलर लाव! आन् मोटर बी सुरू कर, टाकी कोरडी पडलीय.

चतुराबाई : अगं, सगळं एकदम नगं लावूस. घटकाभर दम धर—

कस्तुराबाई : लाव गं तू! आलं का वारं? तोंड तिच्याकडं कर कूलरचं.

आरती : येतंय. हिचं जावळ उडतंय बघ, आई!

कस्तुराबाई : बघा, अक्का. म्हनलं नव्हतं मी?

चतुराबाई : सारी किल्लारी ओरडायलीय. पोरं शिट्ट्या मारायलीत. आता घराघरात हेच—

आरती : तो आवाज कसला झाला?

कस्तुराबाई : पंखा कामून थांबला? आरती, बटन बघ.

आरती : बटण चालूच आहे. थांब, बाबांचा फोन. हां बाबा... हो, आम्हीही ऐकला... बरं. नाही, तुम्ही सावलीला बसा आधी. पाणी प्या.

कस्तुराबाई : काय म्हनले?

आरती : जळाली. सगळ्यांनी एकदम कूलर लावले. आता दुसरी कधी मिळेल, ते सांगता येत नाही म्हणाले.

कस्तुराबाई : मी तर मोटर बी लावली.

चतुराबाई : समद्यांनीच लावली. कुनाच्या घरात तापलेलं मानूस न्हाई?

कस्तुराबाई : आरती, ही रडत कामून न्हाई?

आरती : अं?

कस्तुराबाई : एवढा गलका झाला. डीपी फुटली. दचकली बी न्हाई लेकरू.

आरती : सकाळपासून रडलीच नाही ती.

कस्तुराबाई : रडायला पायजे गं लेकरानं. माती उकरताना मी कान लावून तेच ऐकत होते, रडं येतंय का... अक्का, जीप चालू करायला सांगा.

(चतुराबाईच्या वाडीतलं घर. ऊन तसंच.)

कस्तुराबाई : हितंच, दारापाशी निजव. आत नगं. आन् दार उघडं ऱ्हाऊ द्या.

चतुराबाई : दार उघडं ठिवलं की झळ आत शिरती. दुपारचं दार लावावंच लागतंय, कस्तुरा. तवाच गारवा टिकतो.

कस्तुराबाई : दार लावायचं न्हाई.

चतुराबाई : मग हितवर आनलीस कशाला? झळ तर तुझ्या घरी बी होती.

आरती : आई, तू बाहेर ओट्यावर बस. तू बघूच नकोस. मी हिला घेऊन आत राहते, दार आत्या लावेल.

कस्तुराबाई : मी भाईर आन् लेकरू आत?

आरती : तसं नाही गं...

कस्तुराबाई : तसंच झालं होतं.

चतुराबाई : उंबरा वलांड, कस्तुरा. हात दे माझ्या हातात.

कस्तुराबाई : हात नगं. सरका तुम्ही. मी येते... आले. लावा दार.

चतुराबाई : कडी घालू?

कस्तुराबाई : कडी नगं! कडी तेवढी नगं, अक्का.

चतुराबाई : बरं बाई, न्हाई घालत. नुसतं लोटून घेते.

आरती : केवढं गार आहे आत! विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय. आत्या, हे वरून काय पडलं?

चतुराबाई : चिमटीभर माती. वर चिमण्या नाचतेत, त्येनं झडती. रोजचंच हाय ते.

आरती : आई, अशी ताठ बसू नकोस. भिंतीला टेक जरा.

कस्तुराबाई : बसले ते लई झालं. टेकायला सांगू नगं.

आरती : आई... ओढतेय गं. चांगली जोर लावून ओढतेय. बघ ना इकडं.

कस्तुराबाई : तू तिच्याकडं बघ. मी वर बघते.