पहिला नंबर केबिनचा

चहा होऊ द्या, तोवर परवाचं सांगतो. वाशीमच्या ज्या दवाखान्यात मी नेटवर्क बघतो, तिथं सगळ्या खोल्यांच्या तारा एका स्विचवर, म्हणजे इंटरनेट वाटणाऱ्या डब्यावर, येतात. लाइन भरली की आधी कोणाचं सोडायचं, हे त्यात ठरवून देता येतं. मी पहिला नंबर आयसीयूला दिला होता, कारण नागपूरचे डॉक्टर तिथले पेशंट व्हिडिओवर बघतात. परवा तो कॉल अडकायला लागला. तपासलं, तर पहिल्या नंबरावर मॅनेजर साहेबांची केबिन आणि आयसीयू शेवटी.

मी केबिनमध्ये गेलो. साहेबांच्या कॉम्प्युटरवर मॅच चालू होती.

"हे कोणं बदललं?"

"मीच ऑफिसातल्या पोराले पासवर्ड देऊन सांगतलं. खुर्ची पाहून नंबर लागते ना भाऊ. तुमी काहून तापून राह्यले?"

"आयसीयूतला पेशंट कोणत्या खुर्चीवर बसते, साहेब?"

"दोन मिनिटं अडकलं तं काय होते?"

"मांगच्या वर्षी माही बायको तिथंच होती. डॉक्टर इंजेक्शनचं नाव सांगून राह्यले होते अन् आवाज तुटत होता. सिस्टरनं तीनदा विचारलं. काय होते, ते मले माहीत आहे."

साहेबांनी मॅच बंद केली. मी त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला, आयसीयू पुन्हा पहिल्या नंबरावर घेतलं, केबिन शेवटी टाकली आणि स्विचचा पासवर्ड बदलला. तो त्यांनी अजून विचारलेला नाही.