छापलं, पण कुठे?

अमेरिकेच्या थंडगार उत्तरेतल्या डुलुथ शहरात, औषधांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या इनिडचे कान पुढच्या दोघा म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडे लागले होते.

“अहो अर्विड, नवा प्रिंटर चालतोय का?”

“कसला चालतोय, व्हर्ना! लॅपटॉप म्हणतो, छापलं. प्रिंटर आपला ढिम्म.”

“प्रिंटरच्या यादीतलं कुठलं नाव निवडलंत?”

“सगळ्यात वरचं.”

“तो माझा प्रिंटर! काल ‘घर विकणे आहे’च्या कागदांचा माझ्याकडे डोंगर झाला. मांजर त्याखालून अजून निघालेलं नाही.”

“अरेच्चा! माफ कर, व्हर्ना.”

“निघालात कुठे?”

“मुलीकडे, फ्लोरिडाला. दारातला बर्फ उपसणं आता झेपत नाही.”

“माझ्याकडे बर्फ उडवायचं यंत्र आहे. तुमचंही दार मोकळं करीन.”

“आणि मुलीला काय सांगू?”

“सांगा, घराला गिऱ्हाईक मिळत नाही.”